पावसानंतर बाइकच्या एलईडी पट्ट्या बिघडल्या: पट्टी बदलण्याआधी काय तपासायचं

ऐरोलीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. १५० सीसीची कार्ब्युरेटरवाली बीएस-४ गाडी. मार्चमध्ये टाकीखाली दोन्ही बाजूंना ६०-६० सेंटीमीटरच्या आरजीबी (लाल-हिरवा-निळा मिळून रंग बदलणाऱ्या) पट्ट्या बसवल्या, कंट्रोलर आणि रिमोटसकट. तीन महिने सगळं ठीक चाललं. पाऊस सुरू झाल्यावर तीन तक्रारी आल्या. पांढरा रंग लावला की डावी पट्टी केशरी दिसते, उजवी बरोबर. गाडी आयडलवर असली की दोन्ही पट्ट्या फडफडतात, रेस दिली की स्थिर होतात. आणि गाडी सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये चार-पाच दिवस उभी राहिली की सेल्फ लागत नाही, किक मारावी लागते. मेकॅनिक म्हणतो बॅटरी बदला, किट विकणारा म्हणतो पट्टी बदला. कुणाचं ऐकायचं?

इतक्यात दोघांचंही ऐकू नका. या एकाच बिघाडाच्या तीन खुणा वाटत असल्या तरी तीन वेगवेगळ्या जागा आहेत, आणि तुम्ही दिलेल्या वर्णनातूनच त्या बऱ्याचशा वेगळ्या करता येतात. एलईडी स्वतः सहसा सगळ्यात शेवटी जातो. त्याआधी जोड जातात, कपलर (वायरी एकमेकांत खुपसून जोडणारे प्लॅस्टिकचे कनेक्टर) जातात, आणि लाइन चुकीच्या ठिकाणाहून काढलेली असेल तर ती पावसाळ्यात उघडी पडते. दोन गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत आणि उत्तर त्यांच्यावर अवलंबून आहे: कंट्रोलरला प्लस कुठून दिलाय, आणि मायनस बॅटरीपर्यंत नेलाय की जवळच्या एखाद्या बोल्टवर टाकलाय. त्या शोधायच्या कशा, ते पुढे येईलच. एक साधा डिजिटल मल्टिमीटर लागेल, पण पहिली चाचणी त्याच्याशिवायही होते.

आधी रंगाचं. १२ व्होल्टच्या पट्टीत तीन-तीन एलईडी एका ओळीत जोडलेले असतात आणि त्यांच्याबरोबर एक रेझिस्टर असतो, म्हणूनच पट्टी दर तीन एलईडींनंतरच्या खुणेवर कापतात. निळ्या आणि हिरव्या एलईडीला प्रत्येकी साधारण ३ ते ३.२ व्होल्ट लागतात, म्हणजे तिघांना मिळून साडेनऊच्या आसपास. लाल एलईडीला २ व्होल्ट पुरतात, तिघांना ६. पट्टीपर्यंत १२ ऐवजी १० व्होल्टच पोचले तर निळा-हिरवा जेमतेम मिणमिणतो, लाल मात्र निम्म्याहून जास्त तेजानं जळत राहतो. डोळ्याला तो पांढरा केशरी दिसतो. म्हणजे केशरी पांढरा ही पट्टी मेल्याची नाही, व्होल्टेज वाटेत कुठेतरी अडल्याची खूण आहे.

हे पक्कं करायला रिमोटवरून फक्त निळा लावा. डावी पट्टी जवळजवळ नीट निळी दिसली, तर प्लसच्या वाटेत अडथळा आहे: एकट्या निळ्याला एक तृतीयांश करंट लागतो, त्यामुळे त्याच अडथळ्यावर व्होल्टेज कमी हरवतं. निळा अजिबात आला नाही, तर निळ्याची पिन किंवा वायर तुटली आहे. निळ्याऐवजी जांभळा आला, तर लाल रंगाची वायर कुठेतरी गाडीच्या फ्रेमला लागते आहे. या शेवटच्या गोष्टीचं नवल वाटेल, पण या पट्ट्यांच्या चार वायरींपैकी प्लस तिन्ही रंगांना सामाईक असतो आणि कंट्रोलर प्रत्येक रंगाचा मायनस चालू-बंद करतो. त्यामुळे रंगाच्या वायरीचं आवरण घासून ती फ्रेमला टेकली, की तो रंग कंट्रोलरला न विचारता पेटतो. पांढऱ्याऐवजी पिवळा दिसला तर निळा गेला, गुलाबी-जांभळा दिसला तर हिरवा, आणि आकाशी दिसला तर लाल.

तुमच्या बाबतीत फ्रेमला टेकलेली वायर मी बहुधा सोडून देईन. दोन्ही पट्ट्या एकाच कंट्रोलरच्या एकाच आउटपुटवर असतील, तर लाल रंगाची वायर कुठल्याही बाजूला फ्रेमला टेकली तरी लाल दोन्हीकडे पेटेल. फक्त डावीकडचा रंग बिघडला, याचा अर्थ दोष डाव्या फांदीतच आहे, आणि त्या फांदीत पट्टीच्या आधी एकच नाजूक जागा असते: चार पिनांचा कपलर. तुमचा कंट्रोलर दोन स्वतंत्र आउटपुटवाला असेल, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला वेगवेगळे रंग लावता येत असतील, तर मात्र हा तर्क लागू नाही. मग निळ्याची चाचणीच निकाल देईल.

आता बिनामीटरची चाचणी. कंट्रोलरकडून येणारे डावे आणि उजवे कपलर एकमेकांत बदला. डावी पट्टी उजव्या लाइनवर लावली आणि तरीही ती केशरीच राहिली, तर दोष पट्टीच्या शेपटीत (पट्टीला जोडूनच आलेल्या वायरीत) किंवा तिच्या पहिल्या सोल्डर जोडात आहे. ती बरी झाली आणि उजवी पट्टी केशरी झाली, तर दोष लाइनच्या बाजूला आहे. कपलर लावताना त्याच्यावरचा बाण जुळवा. बाण प्लसची पिन दाखवतो, आणि हे स्वस्त कपलर उलटेही बसतात. उलटा बसला तर पट्टी पेटणार नाही किंवा भलतेच रंग दाखवेल, आणि तुम्ही नसलेल्या दोषाच्या मागे लागाल.

कपलर उघडलात की नीट बघा. पिनांवर हिरवी किंवा काळी पूड, आतल्या भागात ओलावा, एखादी पिन मागे सरकलेली. ऐरोली-कोपरखैरण्याची खाडीकडची खारी, दमट हवा आणि त्यावर चार महिन्यांचा पाऊस म्हटल्यावर उघडं तांबं फार टिकत नाही. शिवाय पिनांमध्ये पाणी आणि व्होल्टेज एकत्र आलं की प्लसची पिन आधी खाल्ली जाते. पाणी आणि मीठ असताना थोड्याशा करंटनंही तांबं विरघळतं, आणि ते प्लसच्याच बाजूला होतं. म्हणून सगळ्यात आधी सामाईक प्लसच जातो आणि पांढरा केशरी होतो. पावसापेक्षाही वाईट म्हणजे सर्व्हिसच्या वेळी प्रेशरनं मारलेलं पाणी. सरळ कपलरवर मारलं तर ते आत जातंच.

अशा कपलरला फुंकर मारून आणि पिना घासून परत लावू नका, महिनाभरात तोच प्रकार होतो. कपलर कापून टाका, दोन्हीकडची काळी पडलेली तार चमकदार तांबं दिसेपर्यंत मागे कापा आणि सरळ जोड द्या. बाइकवर जोडाचं खरं दुखणं म्हणजे थरथर. सोल्डर वायरीच्या आत शोषला जातो आणि जिथे तो संपतो तिथे वायर कडक होऊन तुटते. म्हणून जोड क्रिम्प करा, म्हणजे धातूची नळी पकडीनं दाबून बसवा. सोल्डर करायचाच असेल तर दोन्ही बाजूंना किमान दोन सेंटीमीटर हीट श्रिंक स्लीव्ह जाऊ द्या आणि जोड केबल टायनं फ्रेमला बांधा, लोंबता ठेवू नका. आतून गोंद असलेली स्लीव्ह घ्या, तापवल्यावर टोकाशी गोंद बाहेर आलेला दिसला पाहिजे. साधी स्लीव्ह पाणी अडवत नाही, आत धरून ठेवते. काळी इन्सुलेशन टेप तर इथल्या पावसात एक मोसमही नीट काढत नाही. भविष्यात पट्टी सोडवता यावी म्हणून कपलर हवाच असेल, तर रबरी सील असलेला घ्या. असे सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतात.

मीटर असेल तर हेच आकड्यांत बघा. पट्ट्या पांढऱ्या पूर्ण उजेडावर ठेवा, मीटर डीसीच्या २० व्होल्ट रेंजवर. लाल प्रोब बॅटरीच्या प्लसवर, काळी पट्टीच्या प्लस पॅडवर (वायर सोल्डर करायच्या तांब्याच्या ठिपक्यावर). इथे दिसतो तो वाटेत हरवलेला व्होल्टेज. ०.३ पर्यंत ठीक, १ च्या पुढे गेला तर जोड खराब. मग मायनसचं तसंच: काळी प्रोब बॅटरीच्या मायनसवर, लाल कंट्रोलरच्या मायनस वायरीवर. इथे ०.१ ते ०.२ च्या वर काही दिसू नये. दिसलं तर मायनस रंगवलेल्या किंवा गंजलेल्या बोल्टवर टाकलाय. तो सरळ बॅटरीच्या मायनसला थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची कडी) लावून न्या. ही चाचणी पट्टी पेटलेली असतानाच करायची. करंट वाहत नसेल तर खराब जोडही मीटरवर निर्दोष दिसतो.

पट्टीतच दोष निघाला तर ती कशी मेली आहे ते बघा. मधलेच तीन एलईडी बंद, बाकी चालू: त्या गटातला एक एलईडी किंवा रेझिस्टर गेलाय. एका जागेपासून पुढे सगळं बंद: पट्टी वळवताना आतली तांब्याची पट्टी तडकली आहे. टाकीच्या वळणाजवळ हे हमखास होतं. तिथे पट्टी वाकवण्याऐवजी खुणेवर कापून दोन तुकडे छोट्या वायरीनं जोडायचे. पॅडवर २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंदच टेकवा, जास्त तापवलं की पॅड उखडून हातात येतो.

आता फडफड. ती दोन्हीकडे होते, म्हणजे कंट्रोलरच्या आधीची गोष्ट आहे. या वर्गातल्या गाड्यांत मला पहिला संशय येतो तो हेडलाइटच्या लाइनवर. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना इंजिन चालू असताना हेडलाइट आपोआप चालू असणं सक्तीचं झालं. त्यामुळे वायरमन ती वायर ‘चावीची लाइन’ समजून तिथूनच जोडणी काढतो. पण बऱ्याच छोट्या कार्ब्युरेटर गाड्यांत हेडलाइटला बॅटरीचा डीसी नसतो, मॅग्नेट कॉइलकडून रेग्युलेटरमार्गे येणारा एसी असतो. बल्बची तार तापलेली राहते, म्हणून त्याची फडफड फारशी दिसत नाही. एलईडी तेवढा कनवाळू नाही. कॉइलच्या प्रत्येक लहरीबरोबर तो विझतो-पेटतो, आणि आयडलला लहरी सावकाश असल्यानं ते डोळ्याला दिसतं. रेस दिली की लहरी इतक्या जलद होतात की प्रकाश स्थिर वाटतो. तुम्ही सांगितलेलं लक्षण तंतोतंत हेच आहे.

तपासायचं असं: इंजिन बंद, चावी चालू. पट्ट्या पेटल्या नाहीत आणि इंजिन सुरू केल्यावरच पेटल्या, तर संशय बळावतो. खात्रीसाठी मीटर एसी रेंजवर ठेवून कंट्रोलरच्या प्लस-मायनसवर लावा. अगदी स्वस्त मीटर एसी रेंजवर डीसीसुद्धा दाखवतात, तेही जवळजवळ दुप्पट करून. म्हणून प्रोब उलटसुलट करून दोनदा बघा. एका बाजूनं २५-२८ आणि उलट केल्यावर शून्य दिसलं, तर तो खोटा एसी, लाइन डीसीच आहे. दोन्ही बाजूंनी सारखाच आकडा आला तर लाइन खरोखर एसी आहे आणि तिथून कंट्रोलर ताबडतोब काढा.

लाइन डीसी निघाली आणि तरी फडफड असेल तर बॅटरीचे टर्मिनल घट्ट आहेत का ते आधी बघा. मग बॅटरीच. चार्जिंगचा डीसी सपाट नसतो, त्यातले चढउतार बॅटरी गिळते. थकलेल्या बॅटरीला ते जमत नाही. पूर्ण चार्ज करून काही तास ठेवल्यावर तिनं १२.६ च्या वर दाखवायला हवं, आणि सेल्फ दाबताना साडेनऊच्या खाली जाऊ नये. या परीक्षेत ती नापास झाली तर मेकॅनिकचं म्हणणं खरं, पण तरीही पुढचा भाग वाचल्याशिवाय नवी बॅटरी घालू नका.

उभ्या गाडीची बॅटरी उतरण्याचं गणित सोपं आहे. रिमोटनं पट्टी बंद केली तरी कंट्रोलर रिमोटची वाट बघत जागा असतो. असा रिसीव्हर साधारण १० ते २० मिलिअँपिअर घेत राहतो. २० धरले तर दिवसाला ०.४८ अँपिअर-तास. तुमच्या गाडीत बॅटरी ५ अँपिअर-तासाची असेल तर पाच दिवसांत ती निम्मी रिकामी, आणि निम्म्या छोट्या बॅटरीवर सेल्फ ओढत नाही. चार-पाच दिवस हा तुमचा आकडा यात बसतो. पण गंमत बघा: कंट्रोलर हेडलाइटच्या लाइनवर असेल तर उभ्या गाडीत त्याला काहीच मिळत नाही, मग तो बॅटरी उतरवणार कशी? म्हणजे एक तर फडफडीचं कारण दुसरं आहे, नाहीतर बॅटरी आपल्याच वयानं उतरते आहे. म्हणून करंट मोजल्याशिवाय गत्यंतर नाही.

चावी बंद करा, बॅटरीची मायनस वायर सोडवा, मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावून सोडवलेली वायर आणि मायनस टर्मिनल यांच्यामध्ये जोडा. आकडा नगण्य दिसला तर मिलिअँपिअर रेंजवर या. मीटर जोडलेला असताना चावी फिरवू नका आणि सेल्फला तर हातही लावू नका. सेल्फ ओढतो त्या करंटनं मीटरचा फ्यूज तरी जातो, नाहीतर मीटर. आकडा लिहून घ्या, मग कंट्रोलरची प्लस वायर सोडवा. जेवढा आकडा खाली आला तेवढा किटचा खर्च. उरलेला गाडीचा स्वतःचा, गाडीच्या डिजिटल स्पीडोमीटरवर घड्याळ असेल तर एक-दोन मिलिअँपिअर, थोडा इकडेतिकडे. तोच जास्त असेल तर पट्ट्यांना दोष देऊ नका.

काहीही निघालं तरी जोडणी नव्यानं अशी करा. बॅटरीच्या प्लसपासून १५ सेंटीमीटरच्या आत ३ अँपिअरचा ब्लेड फ्यूज, तिथून ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर रिलेच्या (छोट्या करंटवर चालू-बंद होणाऱ्या स्विचच्या) ३० नंबरच्या पिनेला. ८७ वरून कंट्रोलरचा प्लस. ८५ मायनसला. ८६ ला चावीवर चालणारी, डीसी असलेली लाइन, आणि ती डीसी आहे हे वरच्या पद्धतीनं मोजूनच ठरवायचं. वायरींचे रंग गाडीगणिक बदलतात, म्हणून मी रंग सांगत नाही. रिलेची कॉइल दीडशे मिलिअँपिअरच्या आत घेते, तेही चावी चालू असतानाच. चावी काढली की कंट्रोलर पूर्ण मेला, बॅटरीवर भार शून्य. दोन अँपिअरच्या आतल्या भाराला रिले जास्तीचा वाटेल, पण त्यामुळे गाडीच्या मूळ वायरिंगवर भार पडत नाही, त्यासाठी तो घालायचा. मूळ वायर टोचून जोडणारे निळे क्लिप-कनेक्टर वापरू नका. ते तांब्याला जखम करून तिथे पाणी साठवतात. इंजेक्शनवाली बीएस-६ गाडी असलेल्यांनी ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), सेन्सर आणि फ्युएल पंपाच्या लाइनपासून लांबच राहावं.

फ्यूज वायरीला वाचवतो, एलईडीला नाही. एलईडीचा शत्रू वेगळाच आहे. पट्टी १२ व्होल्टसाठी बनवलेली, आणि चालू गाडीत १४ ते १४.५ मिळतात. निळ्या-हिरव्याचे साडेनऊ वजा केले की रेझिस्टरला १२ व्होल्टला अडीच उरतात, १४.४ ला जवळपास पाच. म्हणजे करंट दीडपटीच्या पुढे. त्यामुळे निळे-हिरवे लाल एलईडीच्या आधी म्हातारे होतात आणि सहा-आठ महिन्यांत पांढरा आपोआप पिवळट होतो. तेव्हा दोन्ही पट्ट्या सारख्या पिवळट झाल्या तर कपलर शोधत बसू नका. उपाय स्वस्त आहे: कंट्रोलरच्या प्लस वायरीत १एन५४०८ जातीचे दोन डायोड एकामागे एक, चंदेरी पट्टा कंट्रोलरकडे. दोघे मिळून दीड-पावणेदोन व्होल्ट खातात. तुमच्या १.२ मीटर पट्टीला पूर्ण पांढऱ्यावर दीड अँपिअरच्या आसपास लागतो, त्यामुळे डायोड गरम होतील, त्यांना टेपनं गुंडाळू नका. आयडलवर पट्टी थोडी मंद दिसेल, हा सौदा मान्य असेल तरच करा. आणि ४-५ हजार आरपीएमला बॅटरीवर १५ च्या वर व्होल्टेज दिसलं तर आधी रेग्युलेटर-रेक्टिफायर बदला. त्या गाडीत डायोड लावून काही साधणार नाही.

पाण्यासाठी: पट्टीवर वरून सिलिकॉनचा थर असला तरी कापलेलं टोक उघडंच असतं. टोपी घालून सीलंट भरा, पण ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो तो नको, त्यातलं ॲसिड तांबं खातं. ट्यूबवर ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेला घ्या. कंट्रोलर सीटखाली, वायरींचं तोंड खाली करून ठेवा आणि प्रत्येक वायर आत शिरण्याआधी थोडी खाली झुकवा, म्हणजे पाणी वायरीवरून आत न जाता झोळातून गळून जाईल. चिकटवण्याआधी जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, पॉलिशवर कुठलीच टेप धरत नाही. चांगल्या ॲक्रिलिक फोम टेपला पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात, तोवर गाडी धुऊ नका आणि घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतूनही शक्यतो नेऊ नका. बेंड पाइपपासून (इंजिनातून निघणाऱ्या गरम सायलेन्सर नळीपासून) १५ सेंटीमीटर अंतर ठेवा.

रंगाबद्दल एक गोष्ट, कारण रिमोटवर भरपूर रंगांची बटणं असतात. केंद्रीय मोटार वाहन नियम १०८ नुसार पुढे लाल प्रकाश दिसता कामा नये, आणि इंडिकेटर, नंबर प्लेटचा दिवा असे अपवाद सोडले तर मागे लालशिवाय दुसरा नको. नियमाबाहेरच्या फेरबदलाला कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो. लाल-निळी उघडझाप तर रस्त्यावर वापरूच नका.

आधी कपलरची अदलाबदल करा, पाच मिनिटांचं काम आहे. नंतरही गोंधळ राहिला तर चार गोष्टी लिहा: फक्त निळा लावल्यावर डावीकडे काय दिसतं, प्लसच्या वाटेत किती व्होल्ट हरवतात, चावी बंद असताना किट जोडून आणि काढून किती मिलिअँपिअर, आणि ४ हजार आरपीएमला बॅटरीवर किती व्होल्ट. त्याच्याशिवाय पुढचं सांगणं म्हणजे अंदाज होईल.